अर्धा परवाना, पूर्ण किंमत

आजोबा-पणजोबांच्या काळातल्या डॉक्टरांच्या पाट्या आठवून बघा. नावापुढे एम.बी.बी.एस. क्वचित असायचं. बहुतेक ठिकाणी एल.एम.पी., नाहीतर मुंबई इलाख्यात एल.सी.पी.एस. हे ‘लायसेन्शिएट’ डॉक्टर. विद्यापीठाची पदवी नाही, त्याऐवजी मेडिकल स्कूलमधला कमी मुदतीचा अभ्यासक्रम. पुण्याचं बी. जे. मेडिकल १९४६ पर्यंत असंच स्कूल होतं.

इंग्रज सरकारला हे डॉक्टर स्वस्तात पडत. मग किंमत कोणी मोजली?

आधी त्या डॉक्टरांनी. सरकारी नोकरीत दुय्यम जागा, तुटपुंजा पगार. १९३३ च्या मेडिकल कौन्सिल कायद्याने अखिल भारतीय व्यवस्थेत फक्त पदवीधरांना धरलं. लायसेन्शिएट प्रांतापुरतेच राहिले. आणि मग रुग्णांनी. शहराला पदवी, खेड्याला परवाना, ही वाटणी सगळ्यांच्या अंगवळणी पडली.

१९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. तेव्हा देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यातले जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट! समितीच्या बहुमताने सांगितलं, यापुढे एकाच दर्जाचा डॉक्टर घडवा. काही सदस्यांनी विरोध नोंदवला : डॉक्टरांचा एवढा तुटवडा असताना हा दरवाजा बंद करणं परवडणार नाही.

दरवाजा बंद झाला. समतेच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण नवे एम.बी.बी.एस. बहुतांशी शहरांतच राहिले आणि खेड्यातली रिकामी जागा कसलंही शिक्षण न घेतलेल्यांनी भरली. म्हणजे परवाना ठेवण्याची किंमत खेड्याने मोजली, आणि तो काढण्याचीही खेड्यानेच.

पुढे छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणला. पदवीच्या नावावरून आंदोलनं झाली, काही वर्षांत प्रवेश थांबले. गंमत म्हणजे, तिथल्या पाहणीत हे ग्रामीण सहायक प्राथमिक उपचारांत एम.बी.बी.एस. डॉक्टरांच्या बरोबरीचे ठरले. आसामने २००४ मध्ये असाच कायदा केला. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. शिकलेली मुलं मात्र वर्षानुवर्षं अधांतरी राहिली.

आता २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये मर्यादित परवान्याची तरतूद पुन्हा आहे. अशा परवानाधारकांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशापर्यंत असू शकते.

म्हणून भांडण तीन वर्षं की साडेपाच, एवढ्यावर थांबवू नका. विचारा : यांच्यावर देखरेख कोण ठेवणार? चूक झाली तर जबाबदार कोण? पुढे शिकून पूर्ण डॉक्टर होण्याची वाट आहे का? आणि हा परवानाधारक फक्त गरिबाच्याच दारात का बसणार?

या प्रश्नांची उत्तरं आधी मिळाली नाहीत, तर सरकारचे पैसे वाचतील आणि बिल पुन्हा त्याच गावाच्या नावावर फाटेल.