वारसदारिणीचे वकीलपत्र

छत्तीसगडची राजधानी म्हणून वसवलेल्या नवा रायपूरमध्ये (२०१८ पासून त्याला अटल नगर हे नावही जोडले गेले) हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. २००३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले गेले, ते न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला रायपूरच्या शासकीय शाळेत शिकले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले आणि पुढे १९६८ ते १९७० या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. त्यांनी लिहिलेल्या निकालपत्रांपैकी एक मराठी माणसाने, आणि विशेषतः प्रशासनात काम करणाऱ्याने, आवर्जून वाचावे असे आहे. ते पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे खून खटल्याचे होय.

१९५६ हे वर्ष अनेक अर्थांनी महत्त्वाचे होते. १७ जून रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला आणि हिंदू स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर संपूर्ण स्वामित्व मिळाले. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, तर रायपूर मध्य प्रदेशात. त्यानंतर अवघ्या बाराव्या दिवशी, १२ नोव्हेंबरच्या रात्री, पुण्याहून निघालेल्या पॅसेंजर गाडीत लक्ष्मीबाई कर्वे बसल्या. त्या सधन विधवा होत्या व मधुमेहाने आजारी होत्या. त्यांच्यासोबत होते त्यांचे विश्वासू डॉक्टर अनंत चिंतामण लागू. निमित्त होते मुंबईच्या डॉक्टरांकडून प्रकृती दाखवून घेण्याचे.

पहाटे गाडी बोरीबंदरला पोचली तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले, पण नाव सांगितले ते इंदुमती पौनशे. त्याच दिवशी, म्हणजे १३ नोव्हेंबरला, त्या मरण पावल्या. मृत्यूचे कारण मधुमेहजन्य बेशुद्धी असे नोंदले गेले. देहावर हक्क सांगायला कोणी आले नाही. येणार तरी कोण? त्या नावाची बाई अस्तित्वातच नव्हती.

इकडे पुण्यात मात्र लक्ष्मीबाई 'जिवंत' राहिल्या. आप्तेष्टांना त्यांच्या नावाने पत्रे येऊ लागली. आपण जोशी नावाच्या गृहस्थाशी विवाह केला असून जयपूरजवळ राठोडी येथे सुखाने राहतो, असा त्यांतला मजकूर. त्याच काळात त्यांच्या खोट्या सह्यांच्या आधारे त्यांची संपत्ती हळूहळू डॉक्टरांच्या हाती जात होती.

वारसाहक्काच्या रहस्यकथेत सहसा एक वारसदारीण असते आणि तिच्या बाजूने उभा राहणारा एक निष्णात वकील. लक्ष्मीबाईंना असा वकील मिळाला नाही. जी व्यक्ती कागदोपत्री जिवंत आणि सुखी आहे, तिची बाजू कोण आणि कोणापुढे मांडणार? ते काम केले काही परिचितांच्या शंकेने. पत्रांवर विश्वास न बसल्याने त्यांनी अधिकाऱ्यांकडे तक्रारी केल्या, तपास सुरू झाला आणि १९५८ साली डॉक्टरांना अटक झाली.

खटल्यातील मुख्य अडचण अशी की शवविच्छेदन कित्येक दिवस उलटून गेल्यावर झाले होते आणि रासायनिक तपासणीत विष सापडलेच नव्हते. विषच नाही तर विषप्रयोग कसा सिद्ध करणार? पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ डिसेंबर १९५९ रोजी तिथे निकाल लागला तो दोन विरुद्ध एक असा.

न्या. एस. के. दास आणि स्वतः यांच्या वतीने हिदायतुल्लांनी लिहिलेल्या निकालाचे सूत्र असे: विष सापडणे हा पुराव्याचा एक प्रकार आहे, एकमेव प्रकार नव्हे. कित्येक विषे शरीरात मागे खूण ठेवत नाहीत. म्हणून आरोपीचे मृत्यूपूर्वीचे व नंतरचे वर्तन एकत्र पाहिले पाहिजे. खोटे नाव का सांगितले? नातेवाइकांना का कळवले नाही? मेलेल्या बाईची पत्रे कोण लिहीत होते? या सर्वांचे उत्तर एकच निघत असेल, तर अपराध सिद्ध होतो. न्या. सरकार यांचे मत वेगळे पडले. नैसर्गिक मृत्यूची शक्यता संपलेली नाही, असे त्यांना वाटले. हे भिन्नमत उपेक्षणीय नाही. पुढे १९८४ साली, पुण्यातल्याच शरद सारडा प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याचे निकष अधिक कडक शब्दांत मांडले व आरोपीची मुक्तता केली. या दोन निकालांमधल्या ताणातूनच आपला पुराव्याचा विचार घडला आहे.

पण प्रशासनासाठी या खटल्याचा धडा निराळा आहे. ही हत्या जितकी औषधाने झाली, तितकीच नोंदवहीने लपवली. रुग्णालयाने सोबत आलेल्या माणसाने सांगितलेले नाव लिहिले. मृत्यूच्या कारणाचा रकाना भरला गेला. सही जुळते असे पाहून व्यवहार होत राहिले. यांतील प्रत्येक टेबलावर नियमाप्रमाणेच काम झाले असे कोणी म्हणू शकेल. आणि नेमके तेच भयावह आहे.

त्यानंतर पुष्कळ बदलले. जन्ममृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ साली झाला. मुंबईचे कॉरोनरपद १९९९ साली रद्द झाले. ओळखीसाठी आता बोटांचे ठसेही घेतले जातात. तरीही एकाकी, आजारी, मालमत्ताधारक वृद्ध स्त्री आणि तिच्या वतीने बोलणारा 'विश्वासू' माणूस हे चित्र तलाठ्यापासून बँकेपर्यंत आजही दिसते. कायद्याने तिला स्वामित्व दिले. पण ती स्वतः समोर आली आहे की केवळ तिची सही, हे पाहण्याची जबाबदारी टेबलापलीकडे बसलेल्याचीच असते. तिचे वकीलपत्र कोणी घेतले नसेल, तर ते काही क्षणांपुरते त्याने घ्यायचे असते.