दाखल-खारीज रजिस्टरातील इतिहास

प्राथमिक शाळेचा खरा इतिहास तिच्या दाखल-खारीज रजिस्टरात असतो. नाव, जन्मतारीख, धर्म-जात, दाखल झाल्याची तारीख. आणि शेवटी शाळा सोडल्याची तारीख व कारण.

१९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात १९६२ साली जिल्हा परिषद आली. मराठी व उर्दू, दोन्ही माध्यमांच्या प्राथमिक शाळा ती चालवू लागली. पण पटावर नाव असणे म्हणजे शिक्षण नव्हे. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातील हजेरी रोडावते. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरीच राहते.

सच्चर समितीने २००६ साली देशापुढे दोन आकडे ठेवले. शाळकरी मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी जेमतेम ४ टक्के. म्हणजे बहुसंख्य मुले सर्वसाधारण शाळांतच होती. मात्र ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुले शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधूनच गळाली होती.

पालक बंधू-भगिनींनो, नाव दाखल केले म्हणून निश्चिंत राहू नका. आठवी होण्याआधी आपल्या मुलीच्या नावापुढील शेवटचा रकाना कोराच राहील, एवढे पाहा.