टेडिंग्टनची द्राक्षवेल

लंडनजवळच्या टेडिंग्टनमध्ये स्टीफन हेल्स १७०९ पासून पाद्री होते. पूजापाठातून उरलेला वेळ मोजमापात जाई. एकदा छाटलेल्या द्राक्षवेलीतून पाणी झरू लागलं. वेल वाचवायला त्यांनी कापल्या बुंध्यावर जनावराच्या मूत्राशयाची पिशवी घट्ट बांधली. ती टम्म फुगली!

मग काचेच्या नळ्या जोडल्या. रस २१ फूट चढला.

रस वर ढकलणारा मुळांचा हा रेटा वसंतापुरताच. भर उन्हाळ्यात ओढ पानांची. सूर्यफुलाची कुंडी शिशाच्या पत्र्याने झाकून हेल्स ती तोलत बसले. दिवसाला सरासरी २० औंस पाणी हवेत जात होतं. घोडीचा रक्तदाबही मोजणाऱ्या या माणसाला शोभेल असाच हा हिशेब! १७२७ मध्ये तो छापून आला.

पानांच्या ओढीने उंच शेंड्यापर्यंत चढणारी पाण्याची धार तुटत का नाही, याचं उत्तर डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडलं.