जुन्या मोटारीची पारख

नवी मोटार घेणारा गृहस्थ पैसे मोजतो. जुनी मोटार घेणाऱ्यास पैशाबरोबर विश्वासही मोजावा लागतो. नव्या गाडीची हमी कारखानदार देतो. जुन्या गाडीची हकीकत मात्र, ज्यानें ती वापरली आणि जो आतां ती विकावयास निघाला आहे, त्याच्याच तोंडून ऐकावी लागते. रोजच्या कामासाठीं एखादी स्वस्त, लहान व पुष्कळ धांवलेली गाडी घेणें हा म्हणूनच केवळ यंत्राचा प्रश्न नव्हे. तो मुख्यतः माहितीचा प्रश्न आहे. आपल्या देशांत या प्रश्नाचें स्वरूप कसकसें पालटत गेलें, याचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे.

मुंबईस शिवडी येथें १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें परदेशी भाग जोडून मोटारी तयार करण्यास आरंभ केला. पुढें १९४४ सालीं शेठ वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, जे कारखाने मोटारीचे भाग येथेंच बनविण्यास तयार असतील त्यांनींच हा धंदा करावा. त्यामुळें १९५४ च्या सुमारास परदेशी कंपन्यांनीं आपला पसारा आवरला, आणि मोटारींचा बाजार मुख्यतः तीन कारखान्यांच्या हातीं राहिला: कलकत्त्याजवळील हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर.

या तिघांपैकीं मुंबईच्या घरांशीं जवळचें नातें जडलें तें प्रीमियरच्या फियाटचें. तिच्या गुबगुबीत अंगाच्या एका आरंभीच्या नमुन्यास लोकांनीं 'डुक्कर फियाट' असें नांव ठेवलें. तें थट्टेचें असलें तरी त्यांत माया होती. १९६४ सालीं 'डिलाइट' आली, आणि १९७० नंतरच्या दशकांत तीच गाडी 'पद्मिनी' या नांवानें ओळखली जाऊं लागली. परंतु परवान्यांच्या त्या काळांत गाड्या थोड्या निघत आणि मागणी फार. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे.

याचा परिणाम मोठा विलक्षण झाला. नव्या गाडीच्या किंमतीवर सरकारचें नियंत्रण होतें; जुन्या गाडीची किंमत मात्र गरजवंताची निकड ठरवी. त्यामुळें थोडी वापरलेली फियाट नव्या फियाटहून महाग जाई. एरवीं वस्तु वापरली कीं तिचें मोल उतरतें. येथें ती हाताशीं आहे, एवढ्यानेंच तिचें मोल चढत असे. अशा बाजारांत घेणारा फारशी चिकित्सा करीत नसे, कारण निवडीस वावच नव्हता.

तरीही त्या जुन्या गाड्या वर्षानुवर्षें चालल्या, याचें श्रेय गल्लोगल्लींच्या मेकॅनिकांस आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत पद्मिनीचाच भरणा असल्यामुळें तिचें यंत्र माहीत नसलेला कारागीर सांपडणें कठीण होतें, आणि तिचे सुटे भाग कुर्ल्यापासून चोरबाजारापर्यंत मिळत. जी गाडी टॅक्सीवाला वापरतो, तिची दुरुस्ती गृहस्थासही परवडते. हा धडा आजही जुनी गाडी निवडतांना उपयोगी पडण्यासारखा आहे. मुंबईंतील अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदविली गेली होती. टॅक्सीस ठरविलेली वीस वर्षांची मर्यादा संपतांच, २०२३ च्या ऑक्टोबरांत तीही रस्त्यावरून गेली.

दुसरें पर्व १४ डिसेंबर १९८३ रोजीं सुरू झालें. त्या दिवशीं मारुती ८०० ही गाडी लोकांच्या हातीं आली. ७९६ घनसेंटिमीटरचें, तीन नळकांड्यांचें तिचें इंजिन लहान, गाडी हलकी, आणि पेट्रोल बेताचें लागणारें. २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें, तोंपर्यंत आपल्या देशांत अशा पंचवीस लाखांहून अधिक गाड्या खपल्या होत्या. १९९३ सालीं मोटारनिर्मितीवरील परवान्याचें बंधन उठलें व इतरही कारखाने आले. नवी गाडी सहज मिळूं लागतांच जुनीचें मोल उतरलें. आणि ज्या कुटुंबास नवी मारुतीही पेलत नव्हती, त्याच्या दारांत दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाची मारुती येऊं लागली. टंचाई संपली, परंतु तिच्या जागीं संशय आला. दहा गाड्यांतून एक निवडावयाची, तर त्यांतील खोटी कोणती, हें कसें ओळखावें?

या संशयाचें शास्त्र जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं मांडलें. अमेरिकेंत फसव्या निघालेल्या मोटारीस 'लिंबू' म्हणण्याचा प्रघात आहे. तोच शब्द त्यानें आपल्या निबंधाच्या शीर्षकांत घातला. समजा, चांगल्या जुन्या गाडीचें मोल एक लाख रुपये आणि वाईट गाडीचें पन्नास हजार. गिऱ्हाइकास भेद कळत नसल्यामुळें तो मधली किंमत, म्हणजे पाऊण लाख देऊं करतो. तेवढ्यांत चांगल्या गाडीचा धनी ती विकत नाहीं, तो माघार घेतो. वाईट गाडीचा धनी आनंदानें पुढें येतो. अशा रीतीनें अज्ञानामुळें चांगला माल बाजारांतून हुसकला जातो. याच निबंधांत त्यानें भारतीय गृहिणीचाही दाखला दिला आहे: दुकानदारानें मुद्दाम मिसळलेले खडे वेंचून काढण्यासाठीं तिला तांदूळ निवडावे लागतात. तीन नियतकालिकांनीं परत पाठविलेल्या या निबंधाच्या कर्त्यास २००१ सालीं अन्य दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं मारुती कंपनीनेंही जुन्या गाड्या तपासून विकण्याचा आपला स्वतंत्र धंदा सुरू केला.

तेव्हां जुन्या गाडीचेंही तांदळासारखेंच निवडणें आलें. किलोमीटरच्या आंकड्यावर एकट्यानें भिस्त ठेवूं नये. कित्येक जुन्या गाड्यांच्या मापकांत पांचच घरें असत, म्हणजे एक लाख पुरे होतांच आंकडा पुन्हां शून्यावर येई. शिवाय आंकडा मागें फिरविण्याची लबाडीही जुनीच आहे. त्यापेक्षां ब्रेकच्या पायपट्टीचें रबर, सुकाणूचें चाक व चालकाची बैठक किती झिजली आहेत, तें पाहावें. इंजिन थंड असतांनाच सुरू करावयास सांगावें, कारण तापलेलें इंजिन अनेक दोष झांकतें. निळसर धूर तेल जळत असल्याची खूण होय. काळा धूर पेट्रोल फाजील जात असल्याची. आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर थंड करण्याचें पाणी आंत शिरत असल्याची. कोंकणपट्टीच्या पावसांत वावरलेल्या गाडीची सतरंजी उचलून तळाचा पत्रा अवश्य पाहावा. इंजिन बदलतां येतें; गंजलेला सांगाडा सावरणें कठीण.

पुष्कळ धांवलेली गाडी म्हणजे वाईट गाडी, असें मात्र नव्हे. यंत्राची बरीचशी झीज थंड इंजिन चालू करतेवेळीं होते. म्हणून लांबच्या रस्त्यावर नियमानें धांवलेली व वेळच्या वेळीं तेल बदललेली गाडी, गल्लींत उभी राहून कुजलेल्या गाडीहून बरी. जपून ठेवलेल्या दुरुस्तीच्या पावत्या या गाडीची जन्मपत्रिकाच होत. किंमत ठरवितांना टायर, बॅटरी व ब्रेक यांच्या पहिल्या खर्चाची रक्कम निराळी ठेवावी. ती हिशेबांत न धरल्यामुळें स्वस्त गाडी महाग पडते.

शेवटीं कागदपत्रें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें विकणाऱ्यानें चौदा दिवसांत व घेणाऱ्यानें तीस दिवसांत मालकी-बदल कळवावयाचा असतो. विक्री परप्रांतांत झाल्यास विकणाऱ्यास पंचेचाळीस दिवसांची मुदत मिळते. हा केवळ उपचार नव्हे. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, गाडी विकून हातांतून गेली तरी नोंद ज्याच्या नांवें राहिली, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. चार ओळींच्या आळसापायीं विकणाऱ्याच्या जन्माच्या कमाईवर पाणी पडूं शकतें, आणि घेणाऱ्याच्या हातीं पैसे देऊनही आपल्या नांवाची नसलेली गाडी उरते. म्हणून सौदा ठरतांच दोघांनीं मिळून नोंदणीची पूर्तता करावी, आणि गाडीची किल्ली त्यानंतरच हातीं घ्यावी.