नगर आधी की माणूस आधी?



यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या परिसराच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. मी इतिहासकार नव्हे. नागपूरहून उरल्याला आलो आणि रोलिंग मिलमध्ये नोकरी करता करता इथलाच झालो. पण आपल्या हातून गेलेली सळई पुढे कुठल्या इमारतीत उभी राहते, याचे कुतूहल असतेच. त्यातून नगररचनेचे जे थोडे वाचन झाले, ते आपल्यापुढे ठेवतो.

जुन्या रायपुरात पहिल्यांदा नजरेत भरतात ते तलाव. बूढा तालाब, महाराजबंध, कंकाली, तेलीबांधा. आधी पाणी, मग काठावर वस्ती, मग बाजार, असे हे शहर वाढले. १७५८ च्या सुमारास बिंबाजी भोसले छत्तीसगडात आले, तेव्हा राजधानी रतनपूर होती. १८१८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभाराचे ठाणे रायपूरला हलवले. म्हणजे राजधानी हलवणे या मुलखाला नवे नाही. मात्र त्या वेळी कचेऱ्या आल्या त्या नांदत्या गावात.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि जुन्या शहराच्या आग्नेयेला नवी राजधानी आखली गेली. २०१२ मध्ये मंत्रालय तेथील महानदी भवनात गेले. रुंद रस्ते, आखीव सेक्टर, बागा, सारे देखणे. पण संध्याकाळ झाली की कर्मचारी बसमध्ये बसून जुन्या रायपूरला परत! २०१६ मध्ये खास बससेवा सुरू झाली, प्रवासी रेल्वे मात्र २०२५ मध्ये आली. सरकार आधी पोहोचले, माणसे सावकाश येत आहेत.

आपल्या महाराष्ट्रात याच्या नेमके उलट घडले. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. राज्याची कार्यालयेही तिकडे जावीत, हा त्या कल्पनेचा महत्त्वाचा भाग होता. पण मंत्रालय मुंबईतच राहिले. तरीही घाऊक बाजार वाशीला गेले, १९९२ मध्ये खाडीवरून लोकल धावली आणि नवी मुंबई भरली. मंत्र्यांची खुर्ची नसली तरी चालले. रोजगार, घर आणि जायला-यायला गाडी असली की झाले.

आता आपला उरला. इथे रोजगार भरपूर. भट्टीत लोहखनिज आणि कोळसा तापवून स्पंज आयर्न होते, ते वितळवून बिलेट आणि बिलेटची सळई. पण मी आलो तेव्हा कारखान्याजवळ राहण्याजोगी खोली मिळेना. शेवटी बिरगावात भाड्याने जागा घेतली. दोरीवरचे कपडे संध्याकाळी काढताना सौ. ते आधी झटकायची, मग घडी घालायची. चिमणीची जागा ठरलेली, ट्रकचा रस्ता ठरलेला. पाळी सुटल्यावर माणसाने कुठे जावे, हे ज्याचे त्याने पाहायचे. माझा मुलगा शिकला आणि पुण्याला गेला. "बाबा, काम तिथे आहे, पण राहायचं कुठे?" या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. टीएमटी सळई लालबुंद असतानाच तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा करतात. बाहेरचा थर कडक होतो, गाभा मात्र मऊ राहतो. म्हणूनच भूकंपाच्या हादऱ्यात ती वाकते, पण सहसा तुटत नाही. नुसतीच कडक सळई काडकन मोडते. नगराचेही तसेच आहे. रस्ते आणि इमारती हा वरचा कडक थर. शाळा, भाजीबाजार, झाडाची सावली, पारावरच्या गप्पा हा गाभा.

म्हणून विनंती एकच. यापुढे इथे नवी शेड उभी राहील तेव्हा घरे, शाळा आणि झाडांचा पट्टा कुठे आहे, हे आपण सर्वांनी मिळून विचारावे. निदान पुढच्या पिढीला तरी "राहायचं कुठे?" असे विचारावे लागू नये.

असो. चूकभूल द्यावी घ्यावी.