दप्तराची किल्ली

उतारा हा शब्द सीमाभागातल्या शेतकऱ्याच्या तोंडी रोजचा. पेरणीचे कर्ज काढायचे असो, वाटणी असो की कोर्टाची तारीख, उतारा लागतोच. उतारा म्हणजे उतरवून घेतलेले. मूळ नोंद दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात आहे, हे त्या शब्दातच आले. बेळगावजवळ राजहंसगडाच्या पायथ्याला भाताची शेती करणाऱ्या येळ्ळूरसारख्या गावात जमीन कसणारा एक आणि जमिनीची नोंद लिहिणारा दुसरा, अशी विभागणी पिढ्यानपिढ्या चालत आली.

मराठी अमलात गावकामगार दोन. पाटील गावचा कारभार पाही, कुलकर्णी लिही. पाटलाला अक्षरओळख नसली तरी कागदावर नांगराची निशाणी उमटली की त्याची संमती धरली जाई. लेखणी मात्र कुलकर्ण्याची. जमाखर्च, धारा, वहिवाट हे सगळे मोडीत लिहून रुमालात बांधायचे आणि ते दप्तर कुलकर्ण्याच्याच घरी राहायचे. वतन वंशपरंपरेचे असल्यामुळे बाप गेला की लेखणी मुलाकडे. दप्तरात काय लिहिले आहे हे पाहायची सोय रयतेला नव्हती, आणि पाहायला मिळाले तरी मोडी वाचता येणारे किती असणार? महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा या लेखणीच्या सत्तेवर त्यांचा मोठा रोख होता.

ही सत्ता मोडण्याचे धाडस शेजारच्या कोल्हापुरात झाले. राजर्षी शाहूंनी 1918 मध्ये संस्थानातली कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. लेखणी घराण्याकडून पदाकडे आली, माणूस बदलता येऊ लागला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथे परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1950 साल उजाडावे लागले. पुढे सहा वर्षांत, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, जिल्हाच म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. तलाठ्याचा ग्रामलेखापाल झाला, पण लोकांच्या तोंडी तलाठी शब्द राहिला. दप्तर मात्र पुन्हा एकाच माणसाच्या हाती. तो भेटेल तेव्हा उतारा, तो लिहील ती नोंद.

संगणकाच्या जगात हाच पेच निराळ्या वेशात उभा राहिला. 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्सची सुरुवात झाली. त्यात ‘रूट’ नावाचे एक खाते असते. रूटला कुठलीही फाइल वाचता, बदलता, पुसता येते. त्याला आडकाठी नाही. वेबसाइटचा जमाना आला तेव्हा पाने लिहिणारा आणि सर्व्हर सांभाळणारा पुष्कळदा एकच असे, त्याला वेबमास्टर म्हणत. कंपन्या वाढल्या आणि कामे वाटली गेली. वेब डेव्हलपर कोड लिहितो, सर्व्हरची किल्ली सिस्टिम अॅडमिनकडे. पण वेबसाइट ज्या 80 क्रमांकाच्या पोर्टवर चाले, ते उघडायला युनिक्समध्ये रूटचाच अधिकार लागे. 1024 च्या खालची सगळी पोर्टे त्याच्यासाठीच राखलेली. म्हणजे आपणच लिहिलेली साइट बंद पडली तर सुरू करायला, बिघाडाची लॉग फाइल पाहायलासुद्धा डेव्हलपरने दुसऱ्याच्या दारात उभे राहायचे. त्याची तक्रार खरी आहे. काम ज्याच्या अंगावर, त्याच्या हाताला हत्यार हवेच. अॅडमिनची धास्तीही खरी, कारण रूटने दिलेला एक चुकीचा हुकूम सगळे दप्तर पुसून टाकतो.

यावर तोडगा निघाला तोही जुनाच. 1975 मध्ये सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोघा संशोधकांनी एक तत्त्व मांडले: प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा. 1980 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या विद्यापीठात ‘सुडू’ नावाचा प्रोग्राम तयार झाला. त्यामुळे रूटचा पासवर्ड न देता ठरावीक हुकूम चालवण्याची मुभा देता येते आणि कुणी, कधी, काय चालवले याची नोंद राहते. ही नोंद मोलाची. कुलकर्ण्याच्या दप्तरात खाडाखोड कुणी केली हे सांगणारे दुसरे दप्तर नव्हते.

कर्नाटकाने ही शिस्त जमिनीच्या दप्तराला लावली. ‘भूमी’ योजनेत 176 तालुक्यांतल्या 67 लाख जमीनधारकांच्या सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर चढल्या. सुमारे नऊ हजार ग्रामलेखापालांच्या हातचे उतारे बाद ठरले. फेरफार करणाऱ्या कर्मचाऱ्याने बोटाचा ठसा दिल्याशिवाय नोंद बदलत नाही, आणि फेरफाराचा अर्ज आल्या क्रमानेच घ्यावा लागतो. सुरुवातीला पंधरा रुपयांत तालुक्याच्या खिडकीवर उतारा मिळू लागला. हे काम मोठे होते, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. किल्ली गावातून तालुक्याला गेल्याने नवे मध्यस्थ उभे राहिले, बड्या खरेदीदारांना जमीन हेरणे सोपे झाले, हा अभ्यासकांचा आक्षेपही दुर्लक्षण्यासारखा नाही.

येळ्ळूरला लिहिण्याच्या अधिकाराचा आणखी एक अनुभव आहे. गावाच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ असा फलक होता. जुलै 2014 मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून प्रशासनाने तो काढला, गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, तेव्हा पोलिसांनी तो पाडला आणि गावात लाठीमार झाला. गावाचे नाव कुठल्या राज्यासह लिहायचे हे गावाच्या हाती नाही, हे त्या दिवसांत घराघराला कळले. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राने 2004 मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

अधिकार कामापुरता असावा आणि त्याची नोंद राहावी, एवढ्याने भागत नाही. ज्याच्या जमिनीची नोंद आहे त्याला ती वाचता आली पाहिजे. भाषिक अल्पसंख्याकांच्या भाषेत कागद मिळावेत, ही सीमाभागातल्या मराठी माणसाची मागणी म्हणूनच न्याय्य आहे, आणि संगणकावर दुसऱ्या लिपीत उतारा छापणे अवघड नाही. येळ्ळूरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या आजोबांच्या आजोबांना मोडी वाचता येत नव्हती. आज मराठी शाळेत शिकलेल्या त्यांच्या वंशजाच्या हाती ‘भूमी’चा उतारा पडतो तो कन्नडमध्ये.