जाल-स्विच : आभासी जाले व मार्गनिर्धारण

एका इमारतीतील किंवा आवारातील संगणक परस्परांशी जोडून प्रत्येक संदेश नेमक्या तारेवर वळविणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साधनास जाल-स्विच म्हणतात. तारा जोडून विद्युत् प्रवाह सुरू केला की ते काम करू लागते. परंतु मोठ्या संस्थेत ते तसेच सोडून भागत नाही. कोणत्या तारेवरील संगणक कोणत्या गटात धरावयाचे आणि एका गटाचा संदेश दुसऱ्या गटाकडे वा दूरच्या जालाकडे कोणत्या वाटेने पाठवावयाचा, हे त्यास सांगावे लागते. ह्या आदेशांच्या मांडणीस विन्यास अशी संज्ञा आहे. पहिल्या प्रकारच्या आदेशांनी आभासी स्थानिक जाल (व्हीलॅन) तयार होते. दुसऱ्या प्रकारचे आदेश मार्गनिर्धारणाचे होत. ही दोन कामे मुळात वेगवेगळ्या यंत्रांची होती. १९९० नंतरच्या दशकात ती एकाच पेटीत आली आणि नवशिक्यांच्या मनातील दोहोंमधील गोंधळही तेव्हापासूनचा आहे.

स्थानिक जालाचा इतिहास : अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये ईथरनेट ह्या पद्धतीची कल्पना मांडली. तीत सर्व संगणक एकाच तारेस जोडलेले असत. एकाने पाठविलेला संदेश सर्वांपर्यंत पोहोचे व ज्याच्या नावाचा असेल त्याने तो उचलावा, इतरांनी सोडून द्यावा, असा रिवाज होता. वाड्याच्या चौकात उभे राहून हाक मारण्यासारखीच ही रीत. माणसे थोडी असतील तोवर ती सोयीची ठरते. बिऱ्हाडे वाढली की गलका होतो. पुढे अशा दोन तारांच्या मध्ये ‘ब्रिज’ हे साधन बसविण्यात येऊ लागले. आलेल्या संदेशावरील प्रेषकाचा पत्ता पाहून कोणता संगणक कोणत्या बाजूस आहे हे ते शिकून घेई आणि त्यानंतर गरजेपुरताच संदेश पलीकडे जाऊ देई. मात्र दोन ब्रिजांनी नकळत वर्तुळ तयार झाले, तर एकच संदेश त्यात अखंड फिरत राही. कारण ईथरनेटच्या संदेश-चौकटीत तिचे आयुष्य मर्यादित करणारा कोणताही आकडा नसतो. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये ह्यावर उपाय शोधला. त्यांच्या पद्धतीत यंत्रे आपापसांत ठरवून जादा दुवे बंद ठेवतात व जालाचा आकार फांद्या असलेल्या झाडासारखा होतो. बंद ठेवलेला दुवा प्रसंगी आपोआप उघडला जातो.

अनेक पोर्ट असलेला व एकाच वेळी अनेक संदेश हाताळणारा पहिला ईथरनेट स्विच १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील ‘कल्पना’ ह्या कंपनीने बाजारात आणला. त्यास सात पोर्ट होते. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक असून कंपनीस त्यांच्या पत्नीचे नाव देण्यात आले होते. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली.

आभासी स्थानिक जाल : स्विचमुळे गलका कमी झाला, परंतु ‘सर्वांस उद्देशून’ पाठविलेले संदेश त्यालाही सर्वांपर्यंत न्यावेच लागत. शिवाय एकाच स्विचवर हिशेबनीस व अभ्यागत दोघेही असले, तर एकाचे दुसऱ्यास दिसू नये, ही अडचण होतीच. बेलकोर ह्या संशोधनसंस्थेतील डेव्हिड सिंकॉस्की यांनी १९८० नंतरच्या दशकात मोठ्या जालांसाठी अनेक झाडे एकदम वापरण्याची व प्रत्येक संदेशास त्याच्या झाडाची ओळखखूण लावण्याची कल्पना पुढे आणली. आजच्या आभासी जालांचे मूळ तीत आहे. आरंभी प्रत्येक कंपनीची खूण निराळी होती. १९९८ मध्ये ‘आय-ट्रिपल-ई ८०२.१ क्यू’ हे प्रमाणक प्रसिद्ध झाले, तेव्हा ही अव्यवस्था संपली. त्यानुसार संदेश-चौकटीत चार बाइटांची खूण घातली जाते. तिच्यातील बारा बिट गटाच्या क्रमांकासाठी राखलेले असतात. त्यांतून ४,०९६ क्रमांक मिळतात व पहिला आणि शेवटचा वगळून ४,०९४ वापरता येतात.

विन्यास करताना पोर्टांचे दोन प्रकार मानतात. संगणक, मुद्रक यांसारख्या साधनांचे पोर्ट एकेका गटास नेमून दिलेले असतात व त्यांवरून जाणाऱ्या संदेशांस खूण नसते. दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टावरून मात्र अनेक गटांचे संदेश खुणेसह जातात. त्यास ट्रंक म्हणतात. ‘ट्रंक कॉल’मुळे जुन्या पिढीस परिचित असलेला हा शब्द दूरध्वनीच्या तंत्रातून येथे आला आहे. समजा, एखाद्या गावात शाळा व ग्रामपंचायत यांची कार्यालये एकाच आवारात असून तेथे एकच स्विच आहे. शाळेस दहावा गट, पंचायतीस विसावा गट दिला, तर एकाच पेटीतून दोन स्वतंत्र जाले चालतात आणि विद्यार्थ्याच्या संगणकावरून पंचायतीच्या कागदपत्रांपर्यंत थेट पोहोचता येत नाही. परंतु ही भिंत विटांची नाही, आदेशांची आहे. खूण नसलेला संदेश कोणत्या गटाचा मानावयाचा ह्याविषयी ट्रंकच्या दोन टोकांस भिन्न आदेश दिले गेले, तर एका गटाचे संदेश दुसऱ्यात झिरपतात. सर्व काही चालू दिसते आणि दोष महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. दुसरी सर्रास घडणारी चूक म्हणजे दुरून विन्यास करणाऱ्याने ज्या दुव्यावरून आपण आदेश देत आहोत तोच बंद करणे. बसलेली फांदी तोडण्याचा हा प्रकार असून त्यानंतर प्रत्यक्ष जागेवर जाण्यावाचून गत्यंतर नसते.

मार्गनिर्धारण : निरनिराळ्या गटांत वा जालांत संदेश न्यावयाचा झाल्यास वाट ठरवावी लागते. हे काम राउटर ह्या यंत्राचे; आता ते अनेक स्विचही करतात. प्रत्येकाजवळ एक मार्गकोष्टक असते. अमुक पत्त्यांसाठी पुढचा टप्पा कोणता व त्याचे मोल किती, एवढेच त्यात लिहिलेले असते. ‘मोल’ म्हणजे टप्प्यांची संख्या किंवा दुव्याच्या वेगावरून काढलेला आकडा.

हा प्रश्न संगणकांपूर्वीचा आहे. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील कुरवंडे हे गाव लोणावळ्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या कड्यालगत वसले आहे. नागफणीचा सुळका ह्याच गावाच्या अंगास असून तेथून कुरवंडे घाटाची अवघड वाट कोकणात उतरते. उत्तरेस बोरघाटाचा रुळलेला मार्ग आहे. १६६१ मध्ये शायिस्ताखानाने उत्तर कोकण घेण्यासाठी पुण्याहून पाठविलेला कारतलबखान बोरघाट सोडून कुरवंड्याच्या वाटेने खाली उतरला. पायथ्याच्या उंबरखिंडीतील दाट रानात शिवाजी महाराजांचे सैन्य दबा धरून होते. पुढची वाट अडली, मागचीही अडली; अखेर खानाने शरण जाऊन खंडणी दिली, तेव्हा त्यास सुटका मिळाली. वाट नकाशावर होती आणि तिचे अंतरही माहीत होते. त्या क्षणी तिची अवस्था काय आहे, ही बातमी मात्र खानाजवळ नव्हती. मार्गनिर्धारणाच्या प्रोटोकॉलांचा (संकेतसंहितांचा) सारा खटाटोप ह्या बातमीसाठी असतो.

बातमी मिळविण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत प्रत्येक राउटर शेजाऱ्याच्या सांगीवर विसंबतो : ‘अमुक ठिकाण माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहे’, असे शेजारी सांगतो व ऐकणारा त्यात एक मिळवून ते आपल्या कोष्टकात लिहितो. रिचर्ड बेलमन व लेस्टर फोर्ड यांच्या १९५० नंतरच्या दशकातील गणितावर ती आधारलेली आहे. तिचा प्रसिद्ध नमुना ‘रिप’ हा प्रोटोकॉल असून त्याचे अधिकृत टिपण जून १९८८ मध्ये निघाले. त्यात राउटर दर ३० सेकंदांनी आपले संपूर्ण कोष्टक शेजाऱ्यांस कळवितो. त्यातील दोष उदाहरणाने स्पष्ट होईल. कुरवंडे, लोणावळा व खंडाळा येथे एकेक राउटर असून ते ह्याच क्रमाने जोडलेले आहेत, अशी कल्पना करावी. लोणावळ्यापासून कुरवंडे एका टप्प्यावर व खंडाळ्यापासून दोन टप्प्यांवर आहे. कुरवंड्याची तार तुटली, तर लोणावळ्यास ते तत्काळ कळते. परंतु तेवढ्यात खंडाळा सांगतो, ‘कुरवंडे माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहे.’ ही बातमी मुळात आपलीच, हे लोणावळ्यास ठाऊक नसते. तो तीन लिहितो, मग खंडाळा चार लिहितो, आणि आकडे असेच चढत जातात. म्हणून ‘रिप’मध्ये १६ हा आकडा ‘अगम्य’ मानला आहे. ज्याच्याकडून बातमी आली त्यालाच ती परत सांगू नये, असा नियमही पुढे घालण्यात आला. त्याने दोष कमी होतो, मोठ्या वर्तुळांत तो पुरता जात नाही.

दुसऱ्या रीतीत सांगीवर विश्वास नसतो. प्रत्येक राउटर फक्त आपल्या प्रत्यक्ष दुव्यांची अवस्था सर्वांस कळवितो आणि त्यावरून प्रत्येकजण संपूर्ण जालाचा नकाशा स्वतः तयार करतो. त्या नकाशावरील सर्वांत स्वस्त वाट एट्‌स्खर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने काढतात. १९८९ मध्ये प्रथम मांडला गेलेला ‘ओएसपीएफ’ हा प्रोटोकॉल ह्या वर्गातील होय. त्यात शेजारी जिवंत असल्याची खूण साधारणतः दर १० सेकंदांनी पाठविली जाते व ४० सेकंद ती आली नाही, तर दुवा गेला असे समजतात. ही रीत अधिक शहाणपणाची खरी, पण निर्धोक नव्हे. अमेरिकेच्या आर्पानेट ह्या जालात ती १९७९ मध्ये अवलंबिण्यात आली आणि २७ ऑक्टोबर १९८० रोजी ते सर्व जाल काही तास ठप्प झाले. एका यंत्राच्या स्मृतीतील बिघाडामुळे त्याच्या अवस्था-संदेशाच्या तीन प्रती निर्माण झाल्या होत्या. क्रमांक चक्राकार मोजण्याची पद्धत असल्याने पहिलीहून दुसरी, दुसरीहून तिसरी व तिसरीहून पुन्हा पहिली नवी ठरे. नवा संदेश दिसताच सर्वांनी तो पुढे पाठवावा, हा नियम यंत्रे काटेकोरपणे पाळीत राहिली.

महाराष्ट्रातील आरंभ : भारतात हे तंत्र विद्यापीठीय क्षेत्रातून आले व त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हा शैक्षणिक व संशोधन जालाचा प्रकल्प हाती घेतला. त्यात दिल्ली, मुंबई, मद्रास, कानपूर व खरगपूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविज्ञान केंद्र आणि स्वतः इलेक्ट्रॉनिकी विभाग असे आठ घटक होते. मुंबईच्या केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमाणी यांनी ह्या कार्यास दिशा दिली. २०१४ मध्ये इंटरनेटच्या आंतरराष्ट्रीय सन्मानमंडळात त्यांचा समावेश झाला. जुहू येथील हे केंद्र व पवईची तंत्रविज्ञान संस्था यांच्यामध्ये दूरध्वनीच्या साध्या तारेवरून संगणकीय टपालाची देवघेव १९८६-८७ च्या सुमारास झाली. १९९० मध्ये अर्नेटला १४४.१६ ह्या आकड्यांनी सुरू होणारा ६५,५३६ पत्त्यांचा गट मिळाला. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई अशी सेकंदास ९,६०० बिट वेगाची भाड्याची तार चालू झाली. १९९२ पर्यंत आठही घटक अशा तारांनी जोडले गेले आणि त्याच वर्षी मुंबईच्या केंद्रातून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यापर्यंत ६४,००० बिटांचा दुवा तयार झाला.

ह्या वेगाचा अर्थ आज सहज ध्यानात येत नाही. दहा लक्ष बाइटांचा मजकूर दिल्लीहून मुंबईस यावयास सु. १४ मिनिटे लागत, तीही तार मोकळी असल्यास. अशा तारेवर ‘रिप’ने दोनशे ठिकाणांचे कोष्टक कळवावयाचे ठरविले, तर दर ३० सेकंदांपैकी सु. साडेतीन सेकंद केवळ त्यातच खर्च होतील. मोजक्या वाटा हाताने लिहून ठेवणे, म्हणजे स्थिर मार्ग देणे, हे त्या परिस्थितीत मागासलेपणाचे लक्षण नव्हे. लहान जालात आजही तोच उत्तम उपाय होय.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत ही सेवा सर्वसामान्यांस खुली केली. पुढे खाजगी कंपन्या आल्या, परंतु दोन भारतीय कंपन्यांतील संदेश पुष्कळदा परदेशातून फिरून येत. एकाच शहरातल्या दोन ग्राहकांचा संवाद सातासमुद्रापलीकडून होई. हा वळसा वाचविण्यासाठी २००३ मध्ये भारतीय राष्ट्रीय इंटरनेट विनिमय संस्था (निक्सी) स्थापन झाली व मुंबईतही तिचे विनिमय केंद्र सुरू करण्यात आले. अशा केंद्रात प्रत्येक कंपनीचा राउटर एका सामाईक स्विचला जोडलेला असतो. कंपन्या परस्परांस आपले पत्ते कळवितात ते ‘बीजीपी’ ह्या प्रोटोकॉलने. १९८९ मध्ये निघालेला हा प्रोटोकॉल स्वतंत्र संस्थांच्या जालांना जोडतो. अंतरापेक्षा त्यात करारमदार व धोरण यांस अधिक महत्त्व आहे.

त्याचे सामर्थ्य व दुबळेपण २००८ च्या आरंभी एका महिन्याच्या आत दिसून आले. ३० जानेवारीस अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या ‘फ्लॅग’ व ‘सी-मी-वी ४’ ह्या दोन तारा तुटल्या. दोन्ही मुंबईस येत असल्याने भारताचा पश्चिमेकडील व्यवहार मंदावला. तरी बराचसा भाग पूर्वेकडील तारांवरून वळविता आला. त्यानंतर २४ फेब्रुवारीस पाकिस्तानातील एका दूरसंचार कंपनीने देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी तिच्या पत्त्यांचा एक अधिक नेमका मार्ग आपल्या राउटरवर लिहिला. ती घोषणा सीमेबाहेर निसटली. अधिक नेमका मार्ग ग्राह्य धरावा ह्या नियमानुसार जगभरचे संदेश तिकडे धावू लागले आणि सु. दोन तास ते संकेतस्थळ बहुतेकांस मिळेना. ह्यावर उपाय म्हणून पत्त्यांच्या मालकीचे अंकीय प्रमाणपत्र देऊन घोषणा तपासण्याची ‘आरपीकेआय’ ही व्यवस्था नंतर उभी राहिली. तिने पत्त्यांचा मूळ धनी पडताळता येतो; वाटेतील प्रत्येक टप्पा पडताळता येत नाही.